घरातला प्लांटेड टँक आणि माशांचं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात तेवढेच इथे घेतले आहेत. घाई असेल तर ४ आणि १२ आधी वाचा. निम्म्या तक्रारी पाण्याच्या असतात, उरलेल्या बहुतेक खाण्याच्या.

१. प्लांटेड टँक म्हणजे साध्या फिशटँकमध्ये झाडं लावायची, एवढंच ना?

दिसायला एवढंच. पण साध्या टँकमध्ये माशांची घाण निस्तरायचं काम फिल्टर आणि तुमची बादली करते, इथे त्यातलं बरंचसं झाडं करतात. मासे खातात, त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून वाढतात. म्हणजे डबीतून तुम्ही जे दाणे टाकता, ते माशांमार्गे झाडांना घातलेलं खतच असतं. खाणं जास्त झालं की शेवाळ येतं. मासे मोजके, खाणं बेताचं आणि झाडं भरमसाट असतील तर पानं पिवळी पडतात.

२. पहिला टँक केवढा घ्यावा? टेबलावरचा गोल बाउल चालेल का?

बाउल नको. दोन फुटी टँक घ्या, २४ × १२ × १५ इंच. काठोकाठ साधारण ७० लिटर भरतो. माती-दगड घालून, वर दोन बोटं जागा सोडून प्रत्यक्ष पाणी ५०-५५ लिटर राहतं. लहान टँक सोपा असेल असं सगळ्यांना वाटतं. पण पाणी कमी असलं की चिमूटभर जास्त खाणंसुद्धा महागात पडतं. फायटर पृष्ठभागावरची हवा घेऊ शकतो म्हणून दुकानात पेल्यात तग धरतो. घरी त्यालाही १५-२० लिटर पाणी द्या.

३. फ्लॅटच्या स्लॅबला वजन पेलेल का? आणि वास्तूप्रमाणे कोणत्या दिशेला ठेवायचा?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन फुटी टँक स्टँड, माती, दगड धरून शंभर किलोच्या आसपास जातो. दोन धडधाकट पाहुणे सोफ्यावर बसले तर याहून जास्त वजन होतं, त्यामुळे काळजी नको. चार फुटी टँक मात्र भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. टँकखाली थर्मोकोलची शीट घाला आणि स्टँड लेव्हलमध्ये आहे ना ते पाहा. दिशेचं म्हणाल तर जिथे थेट ऊन येत नाही आणि प्लग पॉइंट जवळ आहे ती दिशा शुभ.

४. महापालिकेच्या नळाचं पाणी थेट घालता येतं का?

थेट नाही, क्लोरीन काढून. खडकवासला साखळीतलं, भामा-आसखेडचं किंवा पिंपरी-चिंचवडला येणारं पवनेचं, हे सगळं धरणाचं पाणी. बोअरच्या मानाने ते बरंच मऊ असतं आणि झाडांना चांगलं मानवतं. बादली रात्रभर उघडी ठेवली की क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरिन मिळतं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. बाटलीवरचं प्रमाण पाळा.

दर आठवड्याला २०-३० टक्के पाणी बदला, पण वार बघून. देखभालीसाठी पाणी बहुतेक वेळा गुरुवारी बंद असतं आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने, कधी गढूळ येतं. पाणी बदलायचं काम मंगळवार-बुधवारी उरकलेलं बरं. पावसाळ्यात पाणी लालसर आलं तर बादलीत बसू द्या, वरचं निवळ तेवढं घ्या. तुरटी फिरवलेलं पाणी टँकमध्ये नको.

५. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. मग प्लांटेड टँकचा विचार सोडून द्यायचा?

नाही, माशांची आणि झाडांची निवड बदलायची. साधा टीडीएस मीटर घ्या, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. आकडा ४००-५०० च्या वर असेल तर गप्पी, मॉली, प्लॅटी आणि व्हॅलिसनेरिया जोमात राहतील. निऑन टेट्रा आणि नाजूक लाल झाडं रखडतील. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी निम्मं मिसळलंत तर पुष्कळ फरक पडतो. नुसतं आरओचं पाणी मात्र भरू नका, त्यात झाडांना लागणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतात.

एक अडचण सहसा लक्षात येत नाही. बऱ्याच सोसायट्यांत सॉफ्टनर प्लांट असतो. तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. साबणाला फेस छान येतो, पण टीडीएस तेवढाच राहतो आणि झाडं खंगतात. सॉफ्टनरच्या आधीचा एखादा नळ कुठे आहे ते प्लंबरला विचारा, टँकसाठी तिथून पाणी घ्या.

६. खाली काय घालायचं? महागडी अक्वा सॉइल (टँकच्या झाडांसाठीची तयार माती) लागतेच का?

लागत नाही, पण सोय होते. स्वस्तातला मार्ग असा: नर्सरीतली साधी लाल माती चाळून, काड्या-मुळं काढून, दोन-तीनदा पाण्यात खळबळून घ्या. तिचा इंचभर थर द्या आणि वर दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या खड्यांचा दीड-दोन इंचांचा थर. काळी माती नको, ती फुगते आणि हात लागला की सगळं पाणी चहासारखं होतं. शेणखत, गांडूळखत मिसळलेली कुंडीची माती तर अजिबात नको, अमोनिया इतका सुटतो की महिनाभर मासे सोडता येत नाहीत. युरिया आणि डीएपी हे शब्दही टँकजवळ काढू नका.

७. ट्रेकवरून आणलेला दगड घालू का?

काळा बसाल्ट चालतो, तो पाण्यात काही सोडत नाही. पण आपल्याकडच्या बसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक सापडतात. वाघोलीच्या खाणी त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. त्यातले काही झिओलाइट असतात, काही कॅल्साइट. कॅल्साइट पाण्याचा कठीणपणा वाढवतो. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक सुर्रर्र आवाज आला, थेंबाच्या कडेला बुडबुडे दिसले, तर तो दगड शोकेसमध्ये ठेवा. शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडेही त्याच कारणाने बाद.

८. पहिल्यांदा कोणती झाडं लावू?

जोमाने वाढणारी, आणि भरपूर. पहिल्या दिवशीच निम्मी जमीन झाकली जाईल एवढी. हायग्रोफिला, व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, रोटाला मागे, क्रिप्टोकोरिन मध्ये, अनुबियास आणि जावा फर्न दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधून. या दोघांचं आडवं खोड मातीत पुरलं की कुजतं. आपली ब्राह्मीसुद्धा पाण्याखाली छान वाढते, फक्त सावकाश.

मनीप्लांटची फांदी वर अडकवून मुळं पाण्यात सोडा, नायट्रेट भराभर ओढतो. कासच्या बाजूला फुलणारं अपोनोजेटॉन साताऱ्याच्या नावाने ओळखलं जातं, ते प्रदेशनिष्ठ आणि दुर्मिळ आहे. तिथून काही उपटून आणू नका.

९. लाइट किती आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवाच का?

वरच्या यादीतल्या झाडांना सिलिंडर नको. ६५०० केल्विनचा साधा पांढरा एलईडी रोज सहा ते सात तास पुरतो. टायमर मात्र लावाच, नाहीतर मॅच संपेपर्यंत लाइट चालू राहतो. पुढ्यात हिरवळीचा गालिचा किंवा गडद लाल झाडं हवी असतील तरच सिलिंडर घ्या. तेव्हा तो लाइटच्या तासभर आधी चालू, तासभर आधी बंद. ड्रॉप चेकर (पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगावरून दाखवणारी छोटी कुपी) हिरवा असला की प्रमाण बरोबर, पिवळा झाला की माशांच्या जिवावर बेततं.

१०. टँक भरला, पाणी स्वच्छ दिसतंय. मासे आजच सोडू का?

स्वच्छ दिसणं आणि तयार असणं वेगळं. प्रश्न १ मधले जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. कुणाच्या चालू टँकमधला फिल्टरचा मळका स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो, मात्र तो ओलाच आणा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की आधी चार-पाच मासे, पंधरा दिवसांनी पुढचे. पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, थोडं थोडं टँकचं पाणी तिच्यात घाला, मग जाळीने मासे उचलून सोडा. दुकानातलं पाणी मोरीत ओता.

११. दोन फुटी टँकमध्ये कोणते मासे आणि किती?

दहा-बारा निऑन किंवा रासबोरा, सहा कोरिडोरस (तळाशी चरणारे मासे, थोडक्यात कोरी) आणि चेरी कोळंबी, एवढं पुरे. गप्पी घेणार असाल तर फक्त नर घ्या, नाहीतर वर्षअखेरीस शेजारीपाजारी वाटत बसावं लागतं. गोल्डफिश झाडं खातो आणि जमीन उकरतो, तो इथे नको. एंजल लहानपणी गोंडस दिसतो आणि मोठेपणी निऑन गिळतो.

१२. दिवसातून किती वेळा आणि नेमकं किती खायला घालायचं?

एकदा पुरतं, दोनदा हद्द झाली. प्रत्येक वेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच. सगळ्यांना हे पाठ असतं, पण दोन मिनिटं घड्याळ लावून कुणी बसत नाही. एकदा बसा. बोटं कोरडी करून दाणे चिमटीत घ्या. ओल्या बोटांनी डबीत बुरशी येते. चिमटीतले निम्मे टाका आणि बघत राहा. पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत झुंबड उडते. मग एखादा मासा दाणा तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. थुंकणं सुरू झालं की थांबायचं, चिमटीत उरलेलं डबीत परत. खाली पडलेला दाणा कोरींनीही घेतला नाही तर तो तिथेच कुजतो.

दाणा माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा नको. निऑनसाठी पेलेट बोटांनी चुरडून द्या. खाणं टाकताना फिल्टर पाच मिनिटं बंद ठेवला तर दाणे आत ओढले जात नाहीत, पण तो परत चालू करायची आठवण ठेवा. लाइट लागल्यावर अर्ध्या तासाने खाणं द्या, अंधारातून एकदम उजेडात आलेले मासे बुजलेले असतात. आठवड्यातून एक दिवस काहीच नको. एकादशी धरा किंवा सोमवार, माशांना दोन्ही चालतात, आणि त्यांच्या उपासाला साबुदाणा लागत नाही.

घरात खाणं घालणारे हात दोनपेक्षा जास्त असतील तर डबी कपाटात ठेवा. सकाळी आजोबा, दुपारी शाळेतून आलेला नातू, रात्री ऑफिसातून आलेले बाबा, प्रत्येकजण "थोडंसंच" टाकतो.

१३. पण मासे काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करतात. भूकच लागली असेल ना?

तुम्ही आलात की खाणं येतं, एवढं ते शिकलेत. पोट भरलेला मासाही तसंच करतो. पोटाची बाजू आत गेलेली, डोक्यामागे पाठ खपाटीला लागलेली दिसली तर ती उपासमार किंवा आतला आजार. नुसत्या तोंडाकडे पाहून डबी उघडू नका. मात्र सगळे मासे पृष्ठभागालाच चिकटून धापा टाकत असतील तर लगेच प्रश्न २१ पाहा.

१४. सुटं फूड स्वस्त पडतं. घ्यावं का?

त्यावर तारीख नसते, आणि उघड्या पिशवीतलं जीवनसत्त्व क हवेने कमी होत जातं. लहान सीलबंद डबी घ्या, उघडल्यावर तीन-चार महिन्यांत संपवा. घटकांच्या यादीत मासे किंवा क्रिल आधी आणि गहू नंतर असेल ती चांगली. पावसाळ्यात डबी घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

१५. पोळी, भात, कुरमुरे, पाव?

देवळाच्या तळ्यावरची सवय घरी आणू नका. पिठूळ पदार्थ लहान माशांना नीट पचत नाहीत आणि पाणी लगेच नासवतात. घरातलंच द्यायचं तर उकडून साल काढलेला मटारचा दाणा कुस्करून द्या. फुगलेल्या मॉलीला त्याने आराम पडतो. काकडीची चकती काट्याला टोचून बुडवा, रात्रभर ठेवा, सकाळी काढा. मीठ-तेल लागलेलं काही नको.

१६. जिवंत ट्युबिफेक्स दिलं तर रंग खुलतात म्हणे?

मासे तुटून पडतात हे खरं. पण ते किडे गाळात, बहुतेकदा गटाराच्या, वाढतात आणि आजार घेऊन येतात. त्याऐवजी आठवड्यातून एकदा फ्रोजन ब्लडवर्म, डाफ्निया किंवा आर्टेमिया द्या. सुक्या ब्लडवर्मच्या भुकटीची काही माणसांना ॲलर्जी होते. शिंका, डोळ्यांना खाज आली तर हातमोजे घाला, किंवा ते बंदच करा.

१७. कोरी उरलेलं खातात आणि सकर शेवाळ खातो, मग त्यांना वेगळं खाणं कशाला?

उरलेल्यावर कोरी जगत नाहीत. लाइट बंद झाल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका, दिवसा टाकल्यात तर वरचेच पळवतात. सकर घेऊच नका. तो फूटभराहून मोठा होतो, झाडं उपटतो, आणि वाढत्या वयात शेवाळाकडे ढुंकूनही पाहत नाही. शेवाळासाठी अमानो कोळंबी किंवा नेराइट गोगलगाय बरी.

१८. दिवाळीत आठ-दहा दिवस गावी जायचंय. खाण्याचं काय?

मोठे, निरोगी मासे एवढे दिवस उपाशी राहतात. प्लांटेड टँकमध्ये ते पानांवरचं बारीकसारीक टिपत असतात. निघायच्या आदल्या दिवशी जास्तीचं घालून जाणं ही सगळ्यात वाईट युक्ती. बाजारातले पांढरे हॉलिडे ब्लॉकही नकोत, पाणी गढूळ करतात. शेजारच्या काकूंवर सोपवणार असाल तर एका दिवसाआड एक अशा कागदाच्या पुड्या बांधून वर वार लिहा आणि डबी कुलपात ठेवा. काकूंना माशांची दया येते. पिल्लं असतील तर मात्र ऑटोफीडर हवा, आणि तो जायच्या आठवडाभर आधीपासून लावून बघा.

१९. लावल्यावर चार दिवसांत क्रिप्टोची सगळी पानं कुजली. झाड मेलं का?

बहुधा नाही. जागा बदलली की क्रिप्टोकोरिनची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन देठापाशी गळून पडतात. कुजलेली पानं कापा, मुळं हलवू नका, दोन-तीन आठवड्यांत नवा कोंब दिसतो. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेल्या इतर झाडांचीही जुनी पानं गळतात. नव्या पानांकडे बघून निकाल लावा: नवी पानं फिकी तर लोह कमी, जुन्या पानांना भोकं तर पोटॅशियम.

२०. शेवाळ काही केल्या जात नाही.

कोणतं? पहिल्या महिन्यातला तपकिरी थर आपोआप जातो. काचेवरचा हिरवा ठिपका म्हणजे लाइटचे तास जास्त (प्रश्न ९). निळसर हिरवी, वास येणारी, सोलून निघणारी साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया. हाताने काढा आणि टँक तीन दिवस पूर्ण झाकून ठेवा. काळी दाढी धरलेलं पान कापून टाकणं सगळ्यात स्वस्त. कोणत्याही प्रकारात खाणं निम्म्यावर आणा आणि जोमाने वाढणारी झाडं वाढवा.

२१. रोज सकाळी मासे वर येऊन धापा टाकतात, दुपारी ठीक असतात.

रात्री झाडंही ऑक्सिजन वापरतात. झाडं दाट, मासे जास्त आणि पृष्ठभाग निश्चल असला की पहाटे ऑक्सिजन कमी पडतो. रात्री एअरपंप लावा किंवा फिल्टरचं तोंड वर वळवा. सिलिंडर असेल तर तो रात्री खरंच बंद होतोय ना ते पाहा. दुपारीही धापा टाकत असतील तर अमोनिया तपासा आणि लगेच निम्मं पाणी बदला.

२२. उन्हाळा-हिवाळ्यात काय बदलायचं?

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. उडालेल्या पाण्याजागी आरओचं घाला, क्षार मागेच उरलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत रात्र दहा अंशांच्या आसपास जाते, तेव्हा ५० ते ७५ वॅटचा हीटर हवा. तापमान खालीवर झालं की पांढऱ्या ठिपक्यांचा आजार येतो. त्यावर मिथिलीन ब्लू वापरायचं तर वेगळ्या बादलीत, टँकमध्ये नाही. हीटर नसेल तर थंडीत खाणं कमी करा, पचन मंदावतं.

२३. वीज गेली तर?

दोन-चार तास काही होत नाही, खाणं घालू नका एवढंच. देखभालीसाठी वीज दिवसभर जाणार असेल तर बॅटरीवरचा एअरपंप घ्या. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा) बरेच तास बंद राहिला तर आतलं पाणी ओतून, स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळून मग चालू करा.

२४. गोगलगायी कुठून आल्या आणि एवढ्या कशा झाल्या?

झाडांबरोबर आल्या, आणि तुम्ही जे जास्त घालता त्यावर वाढल्या. प्रश्न १२.

२५. डेंग्यूच्या तपासणीला आलेले लोक टँक बंद करायला सांगतील का?

मासे असलेल्या टँकमध्ये डासांच्या अळ्या टिकत नाहीत, मासे त्या आवडीने खातात. धोका क्लोरीन उडवायला भरून विसरलेल्या बादलीचा. ती जाळीने झाका.

२६. मासे नको झाले. मुठेत किंवा पाषाण तलावात सोडले तर?

नका सोडू. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत जातं, आणि सकर उजनीतल्या कोळ्यांच्या जाळ्यात आता सापडतो. तो कुणीतरी असाच "सोडलेला" असतो. दुकानदार बहुतेक वेळा परत घेतात, पैसे देणार नाहीत एवढंच. कापलेल्या झाडांचं ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत विसर्जन करा, ओढ्यात नको.

२७. भाड्याचं घर बदलतोय. चालू टँक कसा हलवायचा?

आदल्या दिवशी खाणं बंद. निम्मं पाणी झाकणाच्या बादल्यांत भरा आणि मासे त्यातच ठेवा. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून न्या, तो वाळला की प्रश्न १० पासून सुरुवात. झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत. जमीन हलवू नका, पण वर फक्त इंचभर पाणी ठेवा आणि टँक रिकामा समजून उचलू नका. दोघे जण, खालून धरून. पॅकर्सच्या टेम्पोत टँक शेवटी चढवा म्हणजे आधी उतरेल. नव्या घरी दोन दिवस लाइट कमी, तिसऱ्या दिवशी चिमूटभर खाणं. नवं घर बोअरच्या पाण्याचं असेल तर पहिल्याच दिवशी सगळं पाणी बदलू नका, दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं बदला.